चाकामागचा दगड

वैजनाथच्या जीपला सगळं होतं, एक हँडब्रेक तेवढा नव्हता.

म्हणजे दांडी होती. दोन सीटांच्या मधे ती ऐटीत उभी असायची, ओढली की करकर वाजायचीसुद्धा. पण तिच्या खालची केबल चार वर्षांपूर्वी तुटली ती तुटलीच. बाकी थाट मात्र बघून घ्यावा! उदगीरहून शिवून आणलेले लाल सीटकव्हर, आरशाला गोंडे, तीन सुरांचा हॉर्न, आणि मागच्या काचेवर हे मोठ्या अक्षरांत ‘अम्माची कृपा’. दर सोमवारी सकाळी जीप धुतली जायची. पाणी बायकोनं आणायचं, फडकं ह्यानं मारायचं. देवणीच्या वळूची एवढी निगा कुणी राखत नसेल. आणि केबलचं नाव काढलं की, ‘बघू की, जरा फुरसत तर मिळू द्या.’ चार वर्षांत ह्या माणसाला अर्ध्या घंट्याची फुरसत मिळाली नाही.

आता गाव सपाटीवर असतं तर चालूनही गेलं असतं. पण देवणीपासून आठ किलोमीटरवरचं हे गाव माळाच्या अंगावर चढलेलं, आणि वैजनाथचं घर ऐन चढावर. खाली लिंबाच्या झाडापाशी सपाट जागा होती, दहा गाड्या मावल्या असत्या. पण तिथं लावली तर जीप कुणाची हे आल्यागेल्याला कसं कळायचं? जीप दारात दिसली पायजे, असं त्याचं म्हणणं. गिअरात टाकून ठेवून बघितली, तरी जुनं इंजिन, गाडी कुंथत कुंथत मागं यायचीच.

मग जीप थांबायची कशी? तर सिंधू थांबवायची.

सिंधू म्हणजे वैजनाथची बायको. तिची जागा ठरलेली: मागच्या दाराशी, पायाशी दगड. दारात आलं की वैजनाथ पायातला ब्रेक दाबून धरायचा आणि मान न वळवता ओरडायचा, ‘सिंधू, दगड!’ ती उडी टाकायची, मागच्या उजव्या चाकाला दगड लावायची, टाचेनं एक ठोसा द्यायची आणि म्हणायची, ‘लावला!’ मग हा हळूच पाय उचलायचा, जीप वीतभर मागं येऊन दगडावर बसायची. निघताना सगळं उलटं. उदगीरचा बाजार असो, देवणीतला दवाखाना असो, चढ दिसला की सिंधू खाली. लातूरला भाचीच्या लग्नात नवी साडी, गजरा, आणि ही कार्यालयाच्या दारात चाकामागं उकिडवी बसलेली. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सिंधूही हसली. न हसून सांगते कुणाला?

तो दगडही साधासुधा नव्हता. सासूच्या, पार्वतम्माच्या, फुटलेल्या जात्याचा तुकडा होता तो. काळा, एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळता, चाकाखाली बसावा म्हणूनच फुटल्यासारखा. खुंट्याच्या भोकाची अर्धी खाच त्यात राहिली होती. सिंधूची तीन बोटं तिच्यात बरोबर बसायची, म्हणून उचलायला सोपा जायचा. दसऱ्याला जीपची पूजा झाली की त्यालाही भस्माचे तीन पट्टे आणि एक फूल.

पार्वतम्माला हा प्रकार अजिबात पटत नव्हता. म्हातारी लेकाला तोंडावर बोलायची, ‘माझ्या सुनेला जीपची खुंटी केलास व्हय रे? आधी त्यो ब्रेक नीट कर.’

‘अम्मा, दगड हाय की.’

‘दगड हाय, पर दगडाला डोळं हायत का?’

वैजनाथ हसण्यावारी न्यायचा. मग अम्मा सिंधूकडं बघून मान हलवायची. सासू-सुनेचं ह्या घरात जमायचं, हे गावाला नवल होतं. सिंधू जीपमधून उतरली की अम्मा पदरानं तिच्या हाताची धूळ झटकायची. लहान पोरीची झटकावी तशी.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या बाजाराला तिघं उदगीरला गेले. तीळ घेतले, गूळ घेतला, लातूरला शिकायला ठेवलेल्या तनुजासाठी, म्हणजे लेकीसाठी, अम्मानं हट्टानं स्वेटर घेतला. दुपारी चारच्या सुमाराला परत आले. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीनं चढावर नवा मुरूम टाकलेला, पायाखाली नुसता भुरभुरत होता. जीप दारात थांबली. हाक आली. सिंधू उतरली, मग गुळाची पिशवी घेऊन पायऱ्या चढून वर गेली. वैजनाथही उतरून पायरीकडं निघाला. अम्मा मागून सावकाश उतरली आणि आपली चप्पल खाली ओढायला म्हणून जीपच्या मागंच उभी राहिली.

सिंधूनं पिशवी ओट्यावर टेकवली आणि मुरूम करकरल्याचा आवाज आला. वळून बघते तर जीप जागेवर नव्हती.

पुढचं काय सांगायचं? जीप खाली लिंबाला जाऊन अडकली तेव्हाच थांबली. अम्मा तिच्या आणि झाडाच्या मधे होती.

आणि वैजनाथ पळत खाली गेला तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द ‘अम्मा’ असा निघाला नाही. तो वळून, वर बघून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, ‘सिंधू, दगड लावला न्हाईस काय गं!’

झालं. लोक धावत आले ते हेच ऐकत आले. चढावर, जिथं दगड असायला पाहिजे, तिथं दगड नव्हता. जीपमधेही नव्हता. म्हणजे हिनं उदगीरलाच विसरला, बाजारात लावला तो उचललाच नाही, असं कुणीतरी म्हटलं, आणि दिवस मावळायच्या आत ते साऱ्यांनी बघितल्यासारखं खरं झालं.

सगळ्यात वाईट म्हणजे सिंधूलाही ते खरं वाटलं. तीन वर्षं, रोज दोन-चार वेळा, हजारो वेळा दगड लावलेला. त्यातली ती एक वेळ आठवायची कशी? डोळे मिटले की तिला दगड लावताना दिसायचा, पण तो त्या दिवसाचा की आदल्या दिवसाचा, हे काही केल्या सांगता यायचं नाही. ‘लावला’ म्हणाले का मी? म्हणाले असेन. सवयीनं नुसतं तोंडानं म्हणाले असेन. अम्माला माती दिल्यावर आठव्या दिवशी ती एकटी एसटीनं उदगीरला गेली आणि कापडाच्या दुकानासमोर, नालीच्या कडेनं, दगड हुडकत फिरली. दुकानदारानं विचारलं, ‘काय हरवलंय बाई?’ नालीत वाकून बघता बघताच तिला रडू फुटलं.

पोलिसांनी अपघाताचे कागद केले. पाचव्या दिवशी जीप देवणीला चांदपाशाच्या गॅरेजला गेली, मागचा पत्रा ठोकून, रंग मारून परत आली. हँडब्रेक? तो तसाच. बैल गेल्यावर तरी माणूस झोपा करतो. ह्यानं तेही केलं नाही. चूक दगडाची ठरली होती ना, मग ब्रेकला कोण हात लावतो!

वैजनाथनं नंतर सिंधूला एकदाही शिवी दिली नाही. उलट लोकांसमोर म्हणायचा, ‘जाऊ द्या, झालं ते झालं. माणूस हाय, इसरतंय.’ लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस! धाकटा दीर मल्लेश शेजारीच राहायचा, त्यानं भावजयीच्या हातचा चहा सोडला. आणि तनुजा? लेक वर्षभर आईशी कामापुरतं बोलली. लातूरहून फोन आला की, ‘पप्पाला दे.’ सुट्टीत आली की अम्माच्या खाटेवर तो स्वेटर उशाला घेऊन पडून राहायची. एकदाच म्हणाली, ‘एक दगड, आई. एवढंच तर काम व्हतं तुझ्याकडं.’ सिंधूनं ते ऐकून घेतलं. तिला ते पटलेलं होतं, हीच तर गोम होती.

दगड लावायचं काम मात्र तिच्याचकडं राहिलं. आता जात्याच्या जागी सिमेंटच्या विटेचा तुकडा आला. सिंधू तो लावायची, ठोसा द्यायची, पुन्हा वाकून बघायची. घरात जायची, भाजी फोडणीला टाकायची आणि पळी हातात घेऊन परत बाहेर यायची. हाय ना? हाय. परत आत. परत बाहेर.

असं वर्ष होत आलं. अम्माच्या वर्षाला आठवडा राहिला होता. तनुजा त्यासाठी लातूरहून यायची होती, तिला आणायला नवरा-बायको देवणीला निघाले. वाटेत हॉर्न अडकला. तीन सुरांतला एकच सूर, तोही रडका. आता हॉर्नवाचून ह्याचं कसं चालायचं? ब्रेक नसला तर चालतं, हॉर्न पाहिजेच! वैजनाथनं जीप थेट चांदपाशाच्या गॅरेजला घातली. ‘पाशाभाई, एवढं बघा. मी स्टँडवर पोरगी आली का बघून येतो,’ म्हणून चालता झाला.

सिंधू सवयीनं सिमेंटचा तुकडा घेऊन उतरली. चांदपाशा म्हणाला, ‘राहू द्या भाभी, हितं सपाट हाय.’ पिकलेल्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. ती बाजूला उभी राहिली. पलीकडं एक टेम्पो जॅकवर चढवलेला होता आणि तो सरकू नये म्हणून त्याच्या दुसऱ्या चाकाला दगड लावलेला होता.

काळा. एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळता.

सिंधू जवळ गेली, खाली बसली. खाचेत ऑइल भरलेलं होतं. तिनं तीन बोटं आत घातली. बरोबर बसली.

‘पाशाभाई,’ ती म्हणाली, ‘ह्यो दगड कुठला?’

चांदपाशानं वर बघितलं. ‘तुमच्याच जीपचा की भाभी. अपघातानंतर गाडी आली ना, तवाचा.’

‘जीपमधे व्हता?’

‘जीपमधे न्हाई, जीपखाली. पुढच्या अॅक्सलमधी फसला व्हता. नव्या मुरमावर दगड सरकला असल, चाक त्याच्यावरून चढलं, मग गाडीनं त्याला तसंच खालपर्यंत घासत नेलं. ही बाजू बघा, घासून कशी पांढरी झालीया. हातोडीनं ठोकून काढला मी.’ तो थांबला. तिचा चेहरा बघून त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ‘भाऊंनी सांगितलं न्हाई तुमाला?’

सिंधूनं मान हलवली. नाही.

‘या अल्ला,’ चांदपाशा हलकेच म्हणाला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. ‘भाऊंना मी दावला व्हता. म्हनलो, अम्माच्या जात्याचा हाय, घेऊन जावा. तर म्हनले, नगो, राहू द्या हितंच, घरी नेला की सगळे रडतील. मला वाटलं, खरंच हाय. केबलबी टाकतो म्हनलो, अर्ध्या घंट्याचं काम. तर म्हनले, आता नगो. आता ब्रेक बदलला तर लोक म्हणतील ब्रेकच खराब व्हता. मीबी गप बसलो भाभी. त्याच दिवशी चावी काढून घ्यायला पायजे व्हती. माझाबी कसूर हाय.’

म्हणजे दगड लावलेला होता. सिंधूनं दगड लावला होता, ठोसा दिला होता, ‘लावला’ म्हणाली होती, आणि हे नवऱ्याला अपघातानंतर पाचव्या दिवसापासून ठाऊक होतं. ती नालीच्या कडेनं फिरत होती तेव्हा त्याला ठाऊक होतं. मल्लेशनं चहाची कपबशी तशीच सरकवली तेव्हा हा शेजारी बसून सुपारी कातरत होता. वड्याचं तेल वांग्यावर काढावं, पण किती दिवस? तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर माणूस आनंदानं वेडा होईल. तसं काही झालं नाही. खरं कळलं म्हणून अम्मा काही परत येणार नव्हती.

चांदपाशानं टेम्पोला दुसरा लाकडी ठोकळा लावला, दगड पुसला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो बाजाराच्या पिशवीत टाकला.

येताना सिंधू मागं बसली, पायाशी पिशवी. तनुजा पुढच्या सीटवर बसून बापाशी कॉलेजच्या गोष्टी करत होती. हॉर्न तीन सुरांत वाजत होता. पुरं आठ किलोमीटर सिंधू त्या पिशवीवर हात दाबून बसली, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

जीप चढाला लागली, दारात आली. वैजनाथनं ब्रेक दाबला.

‘सिंधू, दगड!’

ती उतरली. आधी मागं बघितलं. खाली लिंबाजवळ पोरं गोट्या खेळत होती. ‘ए पोरांनो, उठा तिथून! देवळाच्या ओट्यावर चढा, पळा!’ पोरं पळाली. मग तनुजाला म्हणाली, ‘तू बॅग घे अन् वर पायरीवर जाऊन थांब.’ तनुजा गेली. सिमेंटचा तुकडा जीपमधेच राहिला. सिंधू फिरून पुढं आली, पिशवीतून जात्याचा दगड काढला आणि तनुजा उठलेल्या सीटवर, त्या लाल कव्हरवर, वैजनाथच्या बाजूला ठेवला.

वैजनाथच्या तोंडचं पाणी पळालं.

‘हे... कुठं सापडलं?’

‘तुम्ही ठेवून आलाव तिथंच.’

त्यानं इकडंतिकडं बघितलं. ‘आधी चाकाला लाव. मग घरात बोलू.’

‘घरात न्हाई. हितंच.’

‘अगं येडी झालीस काय? पाय उचलला तर गाडी जाईल खाली!’

‘मग उचलू नका.’

आवाज ऐकून मल्लेश बाहेर आला. शेजारच्या बायका दारात आल्या. तनुजा पायरीवरूनच वाकून बघत होती. ‘आई, ह्यो तर अम्माच्या जात्याचा हाय. उदगीरला राहिलेला ना?’

‘उदगीरला न्हाई राहिला बाळा. कुठं व्हता ते पप्पाला इचार. पप्पा आता कुठं जात न्हाईत.’

मल्लेश घाईघाईनं बांधकामाची वीट उचलून चाकाकडं निघाला. ‘थांब दादा, मी लावतो.’

‘भाऊजी,’ सिंधू म्हणाली. वर्षभरात ती त्याच्याशी एवढ्या चढ्या आवाजात बोलली नव्हती. ‘वीट खाली ठेवा. आधी त्यांना बोलू द्या. न्हाईतर खाली सपाट जागा हाय, लिंबापाशी. तिथं नेऊन लावा म्हणावं जीप.’

वैजनाथनं आरशात बघितलं. गोंड्यांच्या मधून खालचं झाड दिसत होतं, बुंध्यावरची साल अजून भरून आली नव्हती. त्यानं नजर काढून घेतली. ब्रेकवरचा त्याचा पाय थरथरायला लागला होता, मांडीपर्यंत.

‘पप्पा?’ तनुजा म्हणाली.

‘लावला व्हता,’ तो पुटपुटला.

‘मोठ्यानं बोला,’ सिंधू म्हणाली. ‘त्या दिवशी कसं वरडलाव, तसं.’

‘लावला व्हता!’ वैजनाथ ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. ‘तिनं दगड लावला व्हता. दगड गाडीखाली सापडला. ब्रेक... ब्रेकच न्हवता गं माझ्या गाडीला. अम्मा सांगून सांगून मेली.’

मल्लेशच्या हातातली वीट तशीच राहिली, तो खाली मान घालून उभा होता. तनुजा पायऱ्या उतरून आली, जीपच्या खिडकीतून दोन्ही हात घालून तिनं तो जड दगड उचलला आणि छातीशी धरून आईकडं आली. ‘आई,’ एवढंच म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागली. सिंधूनं पदरानं लेकीच्या हाताची धूळ झटकली, मग तिलाही हुंदका आवरेना.

‘सिंधू,’ वैजनाथ काकुळतीला येऊन म्हणाला, ‘आता तरी दगड लाव गं.’

सिंधूनं डोळे पुसले. ‘चांदपाशाभाईंना फोन करा. अर्ध्या घंट्याचं काम हाय.’

‘अन् तवर?’

‘तवर बसा.’

ती लेकीला घेऊन वर गेली. मोरीत पाणी घेऊन दोघींनी दगड धुतला. खाचेतलं ऑइल निघालं, एका बाजूचं घासल्याचं पांढरं काही निघालं नाही. बाहेर वैजनाथ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ब्रेकवर पाय दाबून बसून होता, आणि मल्लेशसुद्धा वीट घेऊन पुढं झाला नाही.